शिंगाचं वळण

आप्पा गव्याला पांढरा रंग कधीच लावत नाहीत.
शिसवीची फांदी हातात फिरवून फिरवून बघतात,
वादळात पडलेली, फॉरेस्टवाल्यानं पावती फाडून सोडलेली.
आत काळी नार, सालीलगत बोटभर पांढरं.
मग ओंडका असा धरतात
की पांढरं नेमकं गुडघ्यांखाली यावं, चारी पायांच्या.
"त्येचं मोजं त्येच्याच अंगातनं निघाय पायजेत,"
एवढं बोलून वाकस उचलतात.

आमची वाडी दाजीपूरच्या खालच्या अंगाला.
सुतारांची सहा घरं,
दोनच घरांत अजून किंकऱ्याचा आवाज.
बेंदराला बैल, पाळण्यावर टांगायला राघू,
आणि टुरिस्ट यायला लागल्यापासून गवे.
घासायचं काम माझं, खरवतीच्या पानानं.
पॉलिशपेपर राधानगरीत मिळतो,
पण त्यानं जनावराची लव जाते, आप्पा म्हणतात.
माझ्या बोटांवरचे ठसेही गेलेत.
रेशनच्या मशीनवर अंगठा चारदा लावते,
मशीन म्हणतं, ही बाई नाही.

कार्तिकात कृष्णात डवर
पहाटे नाचणीकडे निघाला.
बॅटरीच्या उजेडात त्याला आधी मोजे दिसले,
चार, पांढरे, धुक्यात नुसते उभे.
मग बाकीचा गवा.

सीपीआरला एकवीस दिवस.
तीन बरगड्या, मांडीला छत्तीस टाके.
आप्पा एकदाच बघून आले.
एसटीतनं उतरले, पाय धुतले,
आणि फळीवरचे सात गवे पोत्यात घातले.
पोतं माळ्यावर.
त्यानंतर नुसते राघू. हरणं.
एक मांजर, कुणी न मागितलेलं.
कोल्हापूरच्या दुकानदाराचा फोन आला:
"गवं कुठायत? गिऱ्हाईक गव्यालाच हाय."
आप्पा म्हणाले, "सध्या जंगलात हायत."

माघात एका सकाळी उठले
तर अंगणात कपच्या, काळ्या-पांढऱ्या.
मी काही विचारलं नाही. पानं भिजत घातली.
डोळे शेवटी उघडायचे, ही आमच्यातली रीत.
डोळे न उघडताच त्यांनी तो टॉवेलात गुंडाळला,
म्हणाले, "चल."

कृष्णात कॉटवर बसलेला.
त्याची बायको चहा ठेवायला उठली
आणि टॉवेल सुटताना बघून तिथंच थांबली.
त्यानं गवा मांडीवर घेतला, त्याच मांडीवर.
गोठ्यातल्या बैलावरून फिरवावा तसा
मानेवरून, पाठीच्या उंचवट्यावरून हात नेला.
शिंगाशी बोट थांबलं.
"आप्पा, ह्ये असं न्हवं."
"मग?"
"टोक आत वळतंय. ह्येचं सरळ वर चाललंय.
तुमी लांबनं बघितलासा."

चाळीस वर्षांत आप्पांना असं कुणी बोललं नव्हतं.
त्यांनी खिशातनं बारकी पटाशी काढली.
शिंग जाड होतं म्हणून निभावलं.
उंबऱ्यात बसून साल काढायची,
गवा पुढं करायचा,
कृष्णात बोट फिरवणार, "आनि थोडं."
पुन्हा. "आनि."
चुलीवर चहा उतू गेला, कुणी उठलं नाही.
"बास," तो म्हणाला,
आणि हात पटकन मांडीकडे नेला.

मग आप्पांनी विचारलं, "डोळा कसा हुता?"
कृष्णात बराच वेळ गव्याकडे बघत राहिला.
"डोळा न्हाय बघितला.
मोजं बघितलं. मग शिंग.
मधलं काय ठावं न्हाय."

गवा त्याच्याच घरी राहिला, दिवळीत, तसाच.
डोळ्यांच्या जागी मी पान फिरवलेलं नाही,
तिथं लाकूड अजून खरबरीत आहे.
आप्पा आता पुन्हा गवे करतात.
दुकानदार म्हणतो, शिंगं जरा बदलल्यागत वाटत्यात,
पण खपत्यात.

माळ्यावरच्या सातांची शिंगं जुनीच आहेत.
पोतं अजून कुणी खाली काढलेलं नाही.